कीबोर्डमधील सुरांचा साठा : दुरुस्ती कारागिरांसाठी एक धडा

आमचा धंदा कापडाचा. त्यामुळे वाद्याच्या यंत्रावर आम्ही लेख लिहावा याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. परंतु आमच्या पेढीच्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीची तीन-चार दुकाने आहेत. टीव्ही, अॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर यांच्याबरोबर लग्नाच्या बँडचे आणि ऑर्केस्ट्राचे कीबोर्डही तेथे येतात. वाद्य वाजवावे की वाजवू नये हा आजचा विषय नाही. गिऱ्हाइकाने विश्वासाने हवाली केलेली वस्तू त्याला काही कमी न होता परत कशी मिळेल, एवढाच विषय आहे.

दोन वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या तोंडावर, एक वादक यामाहा कंपनीचा डीएक्स-७ नावाचा कीबोर्ड घेऊन आमच्या शेजारच्या कारागिराकडे आला. तक्रार किरकोळ होती. काही बटणे लागत नव्हती. कारागिराने यंत्र उघडले, बटणांची पट्टी साफ केली, आणि आतली नाण्याएवढी बॅटरी फार जुनी दिसली म्हणून पदरची नवी बॅटरी लावून दिली. तिचे पैसेसुद्धा लावले नाहीत. भलेपणाच केला म्हणा ना! संध्याकाळी वादकाने यंत्र चालू केले तेव्हा बत्तीसच्या बत्तीस जागी आवाजांची नावे जाऊन भलतीच अक्षरे दिसू लागली, आणि पट्टी दाबली की घरघर किंवा शांतता. वादक रडकुंडीला आला. कारागीर म्हणे, "मी काही तोडले नाही, बटणे सगळी चालतात." वादक म्हणे, "बटणे घेऊन काय करू, उस्ताद? माझी सनई कुठे गेली?" शेवटी दोघे आमच्या पेढीवर आले. गल्लीत वयाने आम्ही मोठे, एवढेच त्याचे कारण.

आम्हालाही तेव्हा काही कळत नव्हते. सनई हरवली म्हणजे काय हरवले, तिची किंमत किती, आणि चूक कोणाची, हे ठरवायचे तर आधी माल काय आहे ते समजले पाहिजे. त्या निमित्ताने आम्ही जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

सिंथेसायझरमध्ये आवाज कसा राहतो, येथून सुरुवात करू. टेपमध्ये जसा भरलेला आवाज असतो तसा तो डीएक्स-७ मध्ये नसतो. तेथे फक्त आकडे असतात. रंगाच्या कारखान्यात जसा शेडकार्डाच्या प्रत्येक छटेमागे एक नुस्खा असतो, अमुक रंग इतके ग्रॅम, अमुक मीठ इतके, पाणी इतके गरम, तसा येथे प्रत्येक आवाजामागे आकड्यांचा नुस्खा असतो. या यंत्राची पद्धत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधली. एका लहरीने दुसऱ्या लहरीला वेगाने हलवले की नवा सूर निघतो, हे तिचे तत्त्व. यामाहाने तिचे हक्क घेतले आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ बाजारात आणला. त्यात प्रत्येक आवाजासाठी सहा लहरी असतात आणि त्या एकमेकींना जोडण्याच्या बत्तीस रीती असतात. प्रत्येक लहरीचे एकवीस आकडे, सगळ्यांचे मिळून सामाईक एकोणीस, आणि नावाची दहा अक्षरे, असे एका आवाजाचे एकशे पंचावन्न आकडे होतात. यंत्राच्या पोटात असे बत्तीस आवाज मावतात.

आता हे एकशे पंचावन्न आकडे बदलायला यंत्रावर काय दिले आहे? एका ओळीत सोळा अक्षरे मावतील अशी दोन ओळींची खिडकी, सपाट बटणे आणि एक सरकती पट्टी. एका वेळी एकच आकडा दिसतो. दुकानातील सगळा माल कुलूपबंद आहे आणि दाराच्या फटीतून एका वेळी एकच थान दिसते आहे, असे समजा. त्यामुळे बहुतेक वादक कंपनीने भरून दिलेल्या आवाजांवरच काम भागवत. जे थोडे चिकाटीचे होते ते स्वतःचे आवाज घडवत. कित्येक देशांत तर आवाज घडवून ते कार्ट्रिजमध्ये भरून विकणे हा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. म्हणजे आकड्यांच्या या नुस्ख्याला बाजारात किंमत होती, हे लक्षात घ्यावे. आमच्याकडे आलेल्या वादकाच्या बत्तीस आवाजांपैकी अकरा त्याने स्वतः घडवले होते. सनई त्यांपैकी एक. ती त्याने रात्री जागून, अनेक महिने लावून बसवली होती, आणि ऑर्केस्ट्रात त्याला बोलावत ते त्या सनईसाठी.

हे सगळे आकडे जिवंत ठेवण्याचे काम ती तीन व्होल्टची लिथियम बॅटरी करते. वीज बंद झाली तरी ती स्मृतीला जरा-जरा प्रवाह देत राहते. ती काढली त्या क्षणी पाटी कोरी. डीएक्स-७ मध्ये ही बॅटरी खोक्यात बसवलेली नसते, पत्रीने जोडून सर्किटवर झाळलेली असते. म्हणून ती बदलताना प्रवाह तुटतोच. कारागिराने काही तोडले नव्हते हे खरे, आणि वादकाचा माल गेला हेही खरे.

उपाय काय होता? उपाय त्या यंत्राच्या पाठीमागेच होता आणि तो १९८३ पासून तेथे आहे. पाच टाचण्यांच्या गोल छिद्राला मिडी म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन ही सामाईक भाषा ठरवली. त्याबद्दल दोघांना २०१३ मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. धंद्यातील माणसाने या गोष्टीकडे जरूर पाहावे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी गज एकच ठेवला, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र आजच्या संगणकाला जोडता येते. आमच्या कापड बाजारात पन्ह्याच्या मापावरूनसुद्धा अजून वाद होतात!

मिडीच्या भाषेत एक खास निरोप असतो. त्याला सिस्टीम एक्स्क्लुझिव्ह, थोडक्यात सिस-एक्स म्हणतात. प्रत्येक कंपनीला त्यासाठी स्वतःचा क्रमांक दिला आहे. रोलंडचा ६५, कोर्गचा ६६, यामाहाचा ६७. ज्या यंत्राचा तो निरोप असतो तेच तो उघडते, बाकीची यंत्रे तो सोडून देतात. गाठीवर जशी व्यापाऱ्याची छाप असते तशीच ही छाप. डीएक्स-७ चे बत्तीस आवाज एका निरोपात निघतात. निरोप सुरू होतो २४० या आकड्याने, मग ६७, मग आत काय माल आहे आणि किती आहे त्याची चिठ्ठी, मग ४०९६ आकडे, मग एक पडताळ्याचा आकडा, आणि शेवटी २४७. सगळे मिळून ४१०४. पडताळ्याचा आकडा असा ठेवलेला असतो की मालाच्या बेरजेत तो मिळवला की १२८ ने निःशेष भाग जावा. वाटेत एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही आणि चोरी पकडली जाते. आमच्या वडिलांची रोजमेळ तपासण्याची रीत याहून फार वेगळी नव्हती.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे तीन हजारांहून थोडे अधिक आकडे. त्यामुळे हा सारा साठा संगणकात जायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. ज्या सनईसाठी आमच्या पेढीवर दोन तास वाद चालला ती दीड सेकंदात वाचली असती. हे कळले तेव्हा कारागीर बराच वेळ काही बोलला नाही.

आता कृती. यूएसबीला लावायची मिडी केबल घ्यावी. येथे स्वस्ताईच्या मागे लागू नये. काही फार स्वस्त केबली पट्टी दाबल्याचे छोटे निरोप बरोबर नेतात, पण सिस-एक्सचा लांब निरोप मध्येच तोडतात. फाइल झाली असे संगणक दाखवतो, पण ती अर्धवट असते. कीबोर्डच्या आउट छिद्रातून संगणकाकडे आणि संगणकाकडून कीबोर्डच्या इन छिद्रात, असे दोन दुवे जोडावेत. केबलच्या टोकांवर लिहिलेल्या अक्षरांनी बरेचदा घोटाळा होतो. काही येत नसेल तर दोन्ही टोके अदलाबदल करून पाहावीत, त्यात नुकसान नाही. संगणकात विंडोजसाठी मिडी-ऑक्स किंवा मॅकसाठी सिस-एक्स लायब्रेरियन असे साधे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. ते निरोपाची वाट पाहत उघडे ठेवावे. मग डीएक्स-७ वर फंक्शन दाबून आठ क्रमांकाचे बटण पुन्हा पुन्हा दाबत जावे. सिस-इन्फो अनअव्हेल असे दिसले की यस दाबून ते अव्हेल करावे. पुन्हा आठ दाबले की मिडी ट्रान्समिट असा प्रश्न येतो. त्याला यस म्हटले की माल निघाला.

फाइल आली म्हणून लगेच बॅटरीला हात घालू नये. थान मोजल्याशिवाय पावतीवर सही करत नाही तसेच हे. पहिली गोष्ट, फाइल नेमकी ४१०४ बाइटची आहे का ते पाहावे. कमी असेल तर केबल किंवा सॉफ्टवेअर दोषी आहे. दुसरी गोष्ट, डेक्स्ड नावाचे फुकट आणि सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे. ते संगणकातच डीएक्स-७ ची नक्कल करते. त्यात ही फाइल उघडली की बत्तीसही नावे समोर दिसतात आणि आवाज वाजवूनही पाहता येतात. गिऱ्हाईक दुकानात असेल तर त्यालाच ऐकवावे, "भाई, हेच ना तुमचे?" त्याने होय म्हटल्यावर पाना हातात घ्यावा.

बॅटरी काढताना झाळणीची कांडी थेट बॅटरीच्या अंगाला लावू नये. लिथियमची बॅटरी तापली तर फुटू शकते. जुनी पत्री सर्किटच्या बाजूने सोडवावी आणि तेथे बॅटरीचा खोका बसवावा, म्हणजे पुढच्या वेळी झाळकामच लागणार नाही. अधिक-उणे बाजू पाहूनच बसवावी. मग यंत्र चालू करून मेमरी प्रोटेक्ट बंद करावे आणि संगणकातून फाइल परत पाठवावी. प्रोटेक्ट बंद करायचे राहिले तर यंत्र माल आत घेतच नाही, आणि नवा माणूस केबल बदलत बसतो.

एक धोका मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे. बत्तीस आवाजांची फाइल यंत्रात गेली की आधीचे बत्तीसही पुसले जातात. एक बदलतो आणि एकतीस राहतात असे होत नाही. म्हणून गिऱ्हाइकाच्या यंत्रात नवे आवाज भरून देण्यापूर्वी जुने काढून ठेवल्याशिवाय पाठवण्याचे बटण दाबू नये.

येथपर्यंत झाले ते साठवणुकीचे, म्हणजे गोदामाचे काम. त्यापुढचे काम संपादनाचे. गोदामाचे सॉफ्टवेअर नुसते नग ठेवते आणि काढते. संपादनाचे सॉफ्टवेअर नगाच्या आतले आकडे उघडून दाखवते. एकशे पंचावन्न आकडे एका पडद्यावर, आवाज चढतो कसा आणि उतरतो कसा याचे आलेख रेघांनी काढलेले, असे चित्र पाहिले की दोन ओळींच्या खिडकीपुढे लोक का हरत होते ते समजते. रेघ माउसने ओढावी, संगणक तो आवाज यंत्राकडे पाठवतो आणि लगेच ऐकू येतो. एकट्या आवाजाचा निरोप १६३ आकड्यांचाच असतो, त्यामुळे वाट पाहावी लागत नाही. परंतु पडद्यावर बदललेले यंत्रात आपोआप कायम होत नाही. ते यंत्राच्या तात्पुरत्या जागेत असते आणि तेथून मुद्दाम साठवावे लागते. न साठवता दुसऱ्या आवाजाचे बटण दाबले की मेहनत गेली.

डेक्स्ड खऱ्या यंत्राशी जोडून संपादनासाठीही वापरता येते. दुसऱ्या अनेक कंपन्यांच्या यंत्रांसाठी अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाचे प्राध्यापक शॉन ल्यूक यांनी एडिसिन नावाचे सॉफ्टवेअर फुकट दिले आहे. विकत घ्यायचे तर मिडी क्वेस्ट आहे, त्यात पुष्कळ यंत्रे सामावतात. मात्र विकत घेणाऱ्याने एक इतिहास माहीत करून घ्यावा. १९८५ मध्ये अटारी कंपनीने मिडीची छिद्रे अंगातच असलेला संगणक काढला आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरचा बाजार तेजीत आला. कॅलिफोर्नियाच्या ऑपकोड कंपनीचे नाव त्यात मोठे होते. १९९८ मध्ये ती गिब्सन या गिटार कंपनीने विकत घेतली आणि पुढे तिचा कारभार थंडावून बंद झाला. जर्मनीच्या इमॅजिक कंपनीचे साउंडडायव्हर नामांकित होते. २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली, विंडोजवरचा माल थांबवला, आणि साउंडडायव्हरही मागे पडले. यंत्रे चालूच राहिली, सॉफ्टवेअर गेले. ज्यांनी आपले आवाज फक्त त्या सॉफ्टवेअरच्या खास बांधणीच्या फाइलींत ठेवले होते त्यांना जुना संगणक सांभाळत बसावे लागले.

आमच्या यंत्रमागवाल्या बंधूंना हे चटकन समजेल. जेकार्डच्या मागावर नक्षी मागात नसते, भोके पाडलेल्या कार्डांत असते. माग विकला तरी कार्डे आपल्याकडे राहिली तर नक्षी आपली. पण ती कार्डे एकाच कंपनीच्या मागावर बसणारी असतील तर कंपनी बुडाली की नक्षीही अडकली. म्हणून आमचा आग्रह असा की कोणतेही सॉफ्टवेअर वापरा, परंतु प्रत्येक यंत्राची एक प्रत साध्या सिस-एक्स फाइलमध्ये, म्हणजे नावाच्या शेवटी एस-वाय-एक्स ही तीन अक्षरे असलेल्या फाइलमध्ये, ठेवाच. ती फाइल म्हणजे यंत्रातून निघालेले आकडे जसेच्या तसे. ती कोणाच्या मालकीच्या बांधणीत नसते.

फाइलीला नाव देतानाही वहीची शिस्त ठेवावी. नवा, नवा दोन, अखेरचा नवा अशी नावे ठेवली तर सहा महिन्यांनी कोणाचे काय ते कळत नाही. पावती क्रमांक, तारीख, यंत्राचे नाव, आणि काम करण्यापूर्वीचा की नंतरचा, एवढे नावातच लिहावे. एक प्रत दुकानात, एक पेन-ड्राइव्हवर गिऱ्हाइकाच्या हातात. दुकानातील प्रत मात्र अमानत आहे. आमच्या कानावर आले आहे की काही जण एका वादकाचे घडवलेले आवाज दुसऱ्याच्या यंत्रात पैसे घेऊन भरतात. एकाचे डिझाइन दुसऱ्याच्या मागावर चोरून चढवणाऱ्याला आपण बाजारात जे नाव देतो तेच नाव यालाही द्यावे लागेल. कंपनीचे मूळ आवाज भरून देणे वेगळे, आणि माणसाची मेहनत विकणे वेगळे.

या कामाचे पैसे घ्यावेत का? अवश्य घ्यावेत, आणि बिलात वेगळी ओळ लिहून घ्यावेत. फुकट केलेले काम पावतीवर येत नाही, आणि पावतीवर नसलेल्या कामाची जबाबदारी कोणाची हे नंतर ठरत नाही. आमच्या शेजाऱ्याच्या फुकट बॅटरीने हेच झाले.

त्या वादाचा शेवट सांगायचा राहिला. वादकाकडे एक जुने रॅम कार्ट्रिज निघाले. त्यात बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने आपला साठा उतरवला होता आणि कार्ट्रिजची स्वतःची बॅटरी अजून तग धरून होती. स्वतः घडवलेल्या अकरांपैकी सात आवाज त्यात सापडले. कंपनीचे मूळ आवाज फाइलींतून भरता आले. सनईसह चार आवाज कार्ट्रिज भरल्यानंतरचे होते, ते गेले. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात आकडे हाताने लिहून ठेवण्याचे कोरे तक्ते असतात, तेही त्याने कधी भरले नव्हते. कारागिराने दुरुस्तीचे सर्व पैसे परत केले. त्याहून अधिक वादकाने घेतले नाहीत. पण त्याने दुसरी मागणी केली की दुकानातला संगणक त्याला रोज संध्याकाळी तासभर वापरू द्यावा. कारागिराने तो दिला. डेक्स्डच्या पडद्यावर त्याने साडेतीन आठवड्यांत सनई पुन्हा बांधली. ऐकणाऱ्यांना फरक कळत नाही. तो स्वतः म्हणतो की सुरुवातीची फुंक पहिल्यासारखी आलेली नाही.

त्या दुकानाच्या पावतीवर आता एक ओळ छापलेली असते : यंत्र उघडण्यापूर्वी आतील आवाजांची प्रत घेतली, होय किंवा नाही, आणि खाली गिऱ्हाइकाची सही.